मानमोडी आली त्या वर्षी

आईची खाट परसात टाकायची असं ठरलं तेव्हा मी चौथीत होते. दिवाळी नुकतीच झाली होती. त्याआधी कितीतरी दिवस तिला खोकला येत होता, संध्याकाळी अंगात कणकण असायची, आणि मासळीची टोपली घेऊन बाजारात जाताना ती वाटेत टेकायला लागली होती. मग एकदा खोकताना पदराला रक्त लागलं. बाबांनी तिला डहाणूरोडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती तपासली, थुंकी तपासायला पाठवली आणि क्षय सांगितला.

"सुया घ्यायच्या, गोळ्या घ्यायच्या," ते म्हणाले. "हिची खाट वेगळी, भांडी वेगळी. पोरांना जवळ जाऊ द्यायचं नाही. मोकळी हवा, दूध आणि अंडी. अंडं रोज पोटात गेलं पाहिजे."

आमचं घर डहाणू गावात खाडीच्या अंगाला होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि आत दोनच खोल्या. वेगळी खाट टाकायला जागा अशी परसातच होती. बदामाच्या झाडाखाली बाबांनी चार वासे रोवले, वर ताडाच्या झावळ्या टाकल्या, वाऱ्याच्या बाजूने जुनं शीड बांधलं आणि आईची खाट तिथे नेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम पावलं टाकत होता. त्याला आईपासून दूर ठेवणं कुणालाच जमलं नसतं, म्हणून आजी, म्हणजे आईची आई, गुजरातच्या वेशीवरच्या झाईहून आली आणि त्याला घेऊन गेली. तो जाताना आई झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली होती. सोंग होतं हे मला कळलं, कारण तिचे पाय हलत होते.

घर आत्याच्या हाती आलं. आत्या बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा वादळात गेला होता आणि तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. बाबा तिला बाय म्हणत, म्हणून आईही बायच म्हणायची. आत्या सुकी मासळी विकायची. बोलायला तिखट होती. डॉक्टरांचं म्हणणं तिने देवाच्या शब्दासारखं मानलं. परसाच्या मध्यावर कपडे धुवायचा मोठा दगड होता. आत्याने मला त्या दगडापाशी उभं केलं आणि म्हणाली, "इथपर्यंत. याच्या पुढे पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन."

मी दगडावर बसायची. पलीकडे आई खाटेवर. मध्ये दहा-बारा हातांचं अंगण. आणि त्या अंगणातून आमच्या कोंबड्या मात्र हव्या तशा येत-जात असायच्या.

कोंबड्या आईच्याच होत्या. सहा-सात माद्या आणि एक लाल कोंबडा. पूर्वी पहाटे खुराडं उघडायचं, मूठभर कणी टाकायची आणि बाजाराला पळायचं, एवढाच तिचा त्यांच्याशी संबंध असे. आता दिवसभर त्याच तिच्या सोबतीला होत्या. ती वाटीतल्या पेजेतली शितं खाटेखाली टाकायची. काळी कोंबडी तर सरळ खाटेवर चढून तिच्या पायाशी बसायची. आत्या ओरडायची, "हाकल तिला, घाण करील." आई म्हणायची, "असू द्या बाय. ती काही बोलत नाही, काही विचारत नाही."

मला त्या कोंबडीचा हेवा वाटायचा. अगदी पोटातून वाटायचा.

थोड्या दिवसांनी आईने मला खाटेवरून कोंबड्या शिकवायला सुरुवात केली. तिला सगळं दिसायचं, पण उठून करायची ताकद नव्हती. माझ्या अंगात ताकद होती, पण दिसत काहीच नव्हतं. थंडीत कवडीची अंडी मऊ यायला लागली. कवडी म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. तिच्या अंड्याला वरचं कवचच नसायचं, नुसता पापुद्रा. हातात घेतलं की पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं हलायचं. मी घाबरून आईला दाखवलं.

"तिला आजार झाला?"

"आजार नाही गं. तिच्या अंगातला चुना संपला. खाडीवर जा. कालवांच्या शिंपल्या पडल्यात बघ ढीगभर. त्या आण, चुलीत भाज, कुटून बारीक कर आणि कण्यांत घाल."

मी शिंपल्या आणल्या, भाजल्या, दगडावर कुटल्या. आई खाटेवरून सांगत होती, "आणखी बारीक. घशात टोचेल अशी नको." चार-सहा दिवसांत कवडीचं अंडं पुन्हा टणक यायला लागलं. ते मी दगडावर टकटक वाजवून दाखवलं तेव्हा आई हसली. आजारात ती हसलेली मला आठवते ती अशा दोन-चार वेळांचीच.

मग एक तांबडी आपलीच अंडी फोडून खायला लागली. आईने सांगितलं की तिची बसायची जागा अंधारी कर, वर गोणपाट टाक, आणि जवळा घाल खायला, तिला मासळीची भूक आहे. मी सुक्या जवळ्याची मूठ टाकली. खोड पूर्ण गेली नाही, पण कमी झाली. त्या जवळ्यामुळे अंड्यांना मासळीचा वास यायचा. डॉक्टरांचं औषध म्हणून आत्या रोज सकाळी एक अंडं उकडायची, सोलायची आणि वेगळ्या वाटीत खाटेच्या पायथ्याशी ठेवून यायची. वास आला तरी आई ते पुरं खायची. तिला बरं व्हायचं होतं. याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही.

एका सकाळी काळी खाटेवर आलीच नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून, शेपूट खाली टाकून उभी होती. मधूनच बसायची, जोर करायची, पुन्हा उठायची. डोळे अर्धे मिटलेले. आत्या बाजारात गेली होती आणि बाबा बोटीवर होते.

"तिला उचल," आई खाटेवरून म्हणाली. "पोटाखाली हात घाल. काय लागतंय?"

"कडक लागतंय. गोळा आहे."

"अंडं अडलंय." आई उठून बसली. "घाबरू नको. चुलीवर पाणी ठेव. हाताला सोसेल एवढंच गरम कर. घमेल्यात ओत."

मी पाणी तापवून घमेल्यात ओतलं आणि घमेलं दगडापाशी आणलं. काळीला दोन्ही पंख धरून त्यात बसवलं. आधी ती फडफडली, माझ्या अंगावर पाणी उडालं, मग एकाएकी शांत झाली. डोकं माझ्या मनगटावर टेकून राहिली. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली धडधडत होतं.

"पाणी निवलं की दुसरं घाल. घाई नको."

मी तसंच करत राहिले. नंतर आईने सांगितलं तसं बोटाला एरंडेल लावलं आणि काळीच्या मागच्या बाजूला आत-बाहेर नीट चोपडलं. माझी बोटं लहान होती ते बरं झालं.

"आता पोटावरून हात फिरव. पुढून मागे. दाबू नको हां! दाबलंस आणि आत फुटलं तर ती जाईल."

"आई, ती मरतेय."

"नाही मरत. बोल तिच्याशी."

"काय बोलू?"

मी वर पाहिलं तर आई खाटेवरून उतरली होती. अनवाणी, केस मोकळे, अंगावर घोंगडी. ती माझ्याकडे दोन-चार पावलं आली, आणि मध्येच थांबली. दोन्ही हात पुढे होते. ते तिने हळूहळू मागे घेतले आणि घोंगडीत घातले. तिथूनच ती काळीशी बोलायला लागली. तान्ह्या पोराला बोलतात तसं. "होईल गं माझे राणी, होईल. थोडा जोर कर. झालंच आता. शहाणी माझी ती." तिचा आवाज ऐकून कोंबडीने मान उचलली. मीही ऐकत होते. मला तसं बोलणं ऐकून कितीतरी महिने झाले होते, आणि ते माझ्यासाठी नव्हतं हे ठाऊक असूनही माझे डोळे भरून आले.

अंडं आलं. मोठं, तांबूस, एका बाजूला रक्ताची रेघ असलेलं. काळी तशीच माझ्या मांडीवर पडून राहिली. आईने सांगितल्यावरून तिला कोरड्या फडक्यात गुंडाळून डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, ठेवलं. संध्याकाळपर्यंत ती दाणे टिपायला लागली.

आत्या घरी आली तेव्हा आई म्हणाली, "बाय, आजचं ते अंडं पोरीला द्या."

"ते तुझं औषध आहे."

"आज तिला द्या."

अंडं उकडून आत्याने माझ्या हातावर ठेवलं. मी दगडावर आईकडे तोंड करून बसले आणि ते खाल्लं. शेवटचा घास जाईपर्यंत आई माझ्याकडे बघत होती.

माघ गेला. डॉक्टर म्हणाले, वजन थोडं वाढलंय, सुया चालू ठेवा. बाबांच्या तोंडावर जरा उजेड दिसायला लागला. पण ऊन चढायला लागलं तशी अंडी आटली. तीन कोंबड्या खुडूक झाल्या. अंड्यांवरून उठायच्याच ना, आणि नवं अंडं द्यायच्याही ना. तांबडीची पिसं झडत होती. काळी त्या दिवसानंतर फारच कमी द्यायची. कवडी एकटी चालू होती, तीही एक दिवसाआड. आईच्या वाटीत रोजचं अंडं पडेना. बाबा कुठून कुठून मागून आणत. मासळी देऊन बदल्यात अंडी आणत.

ही गोष्ट झाईला आजीच्या कानावर गेली. शिमग्याला बोटी किनाऱ्याला लागल्या, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी आजी आली. घोलवडला गाडीत बसून, कडेवर माझा भाऊ आणि डोक्यावरच्या टोपलीत पांढरी कोंबडी घेऊन. वाटेत घोलवडच्या बाजारात तिने ती घेतली होती.

"रोज अंडं देते म्हणाला विकणारा," आजी सांगत होती. "बघ कशी भरलेली आहे."

आई खाटेवर उठून बसली होती. पण तिची नजर कोंबडीवर नव्हती. भाऊ आजीच्या खांद्यावर तोंड लपवून बसला होता. आजी त्याला म्हणाली, "आई बघ तुझी, ती बघ." त्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि पुन्हा मान लपवली. झाईच्या बोलीत तो काहीतरी बोलला. "घेर चाल" असं काहीसं. घरी चल. आजीला अवघडल्यासारखं झालं. आई म्हणाली, "लहान आहे. असू दे. जेवतो ना नीट?"

आजी दुपारच्या गाडीने परत गेली. पांढरी कोंबडी खुराड्यात आमच्या कोंबड्यांबरोबर बसली. दोन दिवस तिने खरोखरच अंडी दिली.

नंतर ती मलूल झाली. पंख लोंबवून उभी राहायला लागली. घशातून घरघर यायची, चोच उघडून श्वास घ्यायची आणि हिरवट पातळ हगायची. आईने लांबूनच ओळखलं. तिचा आवाज एकदम बदलला.

"पोरी, तिला वेगळी काढ. आत्ताच्या आत्ता. डालग्याखाली घाल, त्या कुंपणापाशी. तिचं पाणी दुसऱ्यांना देऊ नको. हात राखेने धू."

मी केलं सगळं. पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी तांबडीची मान वाकडी झाली. डोकं एका बाजूला पिळल्यासारखं वळायचं, आणि चालायला गेली की ती स्वतःभोवतीच फिरायची. मग खुडूक कोंबड्या, एकामागून एक. यालाच आमच्याकडे मानमोडी म्हणत. आत्याने लसूण ठेचून चोचीत घातला, हळद घातली, कांदा घातला. बाबा ढोरांच्या दवाखान्यात जाऊन आले. तिथल्या माणसाने सांगितलं की एकदा रोग शिरल्यावर त्याला औषध नाही, मेलेल्या खोल पुरा.

बाबा वाळूत खड्डे करत होते आणि मी टोपलीतून नेऊन देत होते. लाल कोंबडा जाताना फार ओरडला. कवडी गुपचूप गेली.

काळी शेवटी उरली. तिलाही लागलंच. मान वाकडी, एक पाय ओढत होती, तरी ती अंगणातून फरफटत आईच्या खाटेकडे गेली. खाटेवर चढता येईना. आई वाकली आणि तिने तिला उचलून मांडीवर घेतलं. आत्या दारातून बघत होती. एरवी ती ओरडली असती. त्या दिवशी नाही ओरडली. काळीचा श्वास घशात अडकत होता आणि आईचाही. दोघींची घरघर दगडापर्यंत ऐकू येत होती. काळी दुपारी गेली. आईने तिला बराच वेळ खाली ठेवलं नाही.

तोपर्यंत रोग सगळ्या आळीत पसरला होता. आमच्या शेजारी एक काकी राहायची. नवरा आजारी, पोरं लहान, आणि अंड्यांवरच तिचं घर चालायचं. तिच्या वीसेक कोंबड्या आठवड्यात गेल्या. तिचं खुराडं रिकामं झालं त्या सकाळी ती आमच्या परसात आली. मागे आणखी दोघी-तिघी होत्या.

"बाय," ती आत्याला म्हणाली, "हिला इथून हलवा."

"कुणाला?"

"तुझ्या भावजयीला. तिच्याच खोकल्याने मेल्यात माझ्या कोंबड्या. दिवसभर तिच्या खाटेवर चढायच्या तुमच्या. तिथून आमच्याकडे यायच्या. आम्हाला दिसत नाही काय?"

"मानमोडी आहे ती," आत्या म्हणाली. "कोंबड्यांचा रोग आहे. तिचा काय संबंध?"

"मग श्वास तसाच का लागला त्यांना? अगदी हिच्यासारखा! आज कोंबड्या गेल्या, उद्या पोरं जातील."

आत्या कमरेला पदर खोचून पुढे झाली. ती भांडायला लागली की आळीत कुणी पुढे उभं राहत नसे. "माझ्या घरातलं माणूस मी कुठे ठेवायचं ते तू सांगणार? पोरं मरायची भाषा करतेस, जीभ झडेल तुझी! रोग पांढऱ्या कोंबडीने आणला, झाईहून येताना आणलेली ती..."

आणि ती मध्येच थांबली. आईच्या खाटेकडे तिने पाहिलं. आई उठून बसली होती.

"बाय," आई म्हणाली, "माझ्या आईचं नाव नका घेऊ. तिने मायेने आणली ती."

काकीचा चेहरा रागाने लाल होता, पण डोळ्यांत पाणी होतं. तिच्याही घरात चूल पेटायची पंचाईत होती, हे मला पुढे मोठी झाल्यावर समजलं. त्या क्षणी मला तिच्या अंगावर दगड फेकावासा वाटत होता.

"भांडू नका," आई म्हणाली. खोकल्याची उबळ आली, ती तिने तोंडावर फडकं धरून जिरवली. "मी जाते झाईला. पावसाळ्यात तसंही इथे राहता येणार नव्हतंच."

बाबा संध्याकाळी बोटीवरून आले आणि ऐकल्यावर कोयता घेऊन काकीच्या दारात जायला निघाले. आत्याने त्यांना धरून ठेवलं. आई म्हणाली, "तुम्ही समुद्रावर जाता. मागे या दोघींना आळीत राहायचंय. पाणी एकाच विहिरीवरचं आहे." बाबा कोयता टाकून ओट्यावर बसले. त्यांनी पुष्कळ समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. आई ऐकेना. मला वाटतं कोंबड्या गेल्यावर तिचं इथलं मनच उडालं होतं. ते रिकामं अंगण दिवसभर बघत पडून राहणं तिला सोसत नव्हतं.

जायच्या दिवशी बाबांनी बैलगाडी मागच्या बाजूला आणली, म्हणजे आईला आळीतून जावं लागू नये. तिने आत्याच्या पायाला दुरूनच हात जोडले. आत्या म्हणाली, "सुया चुकवू नको. पावसाळा सरला की घेऊन येते तुला." आणि घरात निघून गेली. भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले.

मी दगडापाशी उभी होते. आई पलीकडे आली. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, जणू काही विसरलं तर नाही ना असं.

"खुराडं चुन्याने सारवून घे," ती म्हणाली. "आतली माती खरवडून लांब टाक. ऊन खाऊ दे चांगलं. आणि पावसाळा सरेपर्यंत नवी कोंबडी आणू नको."

"बरं."

"वेणी घालायला आत्याला सांगत जा. तुला एकटीला येत नाही नीट."

"बरं."

आणखी काही बोलायचं होतं तिला. पण बाबांनी गाडीवान थांबलाय म्हणून हाक मारली, आणि ती गेली.

पाऊस लागण्याआधी बाबा मला एकदा झाईला घेऊन गेले. आजीने सुरूच्या झाडांत तिच्यासाठी खोपटं उभारलं होतं. आई खूप वाळली होती. मी लांब वाळूत बसले. तिने पहिलं विचारलं ते खुराड्याबद्दल. मी सांगितलं, दोनदा चुना लावला, ऊन दिलं, माती टाकली. "शहाणी," ती म्हणाली. माझा भाऊ तिथेच शंख-शिंपल्यांशी खेळत होता आणि आजीला आई म्हणून हाक मारत होता. आजी त्याला दर वेळी सुधारायची. आई म्हणाली, "राहू दे गं. म्हणू दे."

समुद्र बंद झाला तसे बाबा झाईलाच जाऊन राहिले. बोटी ओढून ठेवलेल्या, त्यामुळे त्यांना जाता आलं, एवढं तरी बरं झालं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. आळीत लोक बोटींना डांबर फासत होते, आणि बाबा एकटे चालत आले. घोलवडहून चालत आले होते की स्टेशनवरून, मला माहीत नाही. पावसाने निथळत होते. घरात शिरले नाहीत. मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि काहीही न विचारता चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं. लाकडं पेट घेत नव्हती. मी पुढे होऊन फुंकर घातली. अशा रीतीने मला कळलं. तोंडाने कुणी सांगितलंच नाही.

पाऊस सरल्यावर आत्याने दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. मी म्हटलं, मला नकोत. ती म्हणाली, "मला हव्यात." मी त्यांच्याकडे बघायची नाही. पण खुराडं पहाटे उघडावंच लागायचं, कणी टाकावीच लागायची.

पुढच्या चैत्रात मानमोडी पुन्हा आली. आमच्या दोन्ही तलंगा गेल्या. काकीने पोटाला चिमटा घेऊन पुन्हा जमवलेल्या दहा-बारा, त्याही गेल्या. आळीत त्या वर्षी कुणालाही खोकला नव्हता.

एका दुपारी काकी आमच्या मागच्या दाराशी आली. आत्या सुके बोंबील निवडत होती. काकी उंबऱ्याबाहेर खाली बसली. काकीने चार बोंबील ओढले आणि तीही निवडायला लागली.

"यंदाही तीच," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"माना तशाच मोडल्या."

"हो."

काकीच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "बाय, तुझी भावजय..." एवढं म्हणाली आणि तिला पुढे बोलता येईना. मी आतून आत्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आता आत्या तोंड सोडील. वर्षभर साठवलेलं सगळं काढील. मला ते हवं होतं.

आत्याने वर पाहिलं नाही. "पोरी," ती मला म्हणाली, "चहा टाक. काकीला पण."

मी चहा केला. काकीने बशीत ओतला, पण प्यायली नाही. बशीवर साय धरली. मग ती उठली आणि पदराने तोंड पुसत आपल्या घरी गेली. आत्याने तिची बशी उचलून चहा मातीत ओतला, बशी धुतली आणि पुन्हा बोंबील निवडायला बसली.

पुढे कितीतरी वर्षांनी, मी सासरी गेल्यानंतर, एकदा माहेरी आले असताना आळीत सरकारी माणूस आला होता. कोंबड्यांना मानमोडीची सुई टोचायला. शाळेसमोर बायका काखेत कोंबड्या धरून रांगेत उभ्या होत्या. आत्या म्हातारी झाली होती, तिच्या दोन कोंबड्या मी धरल्या होत्या. आमची पाळी आली. त्या माणसाने पंखाखाली सुई टोचली, दुसरीला टोचली, आणि "पुढे चला" म्हणाला.

"झालं?" आत्याने विचारलं.

"झालं आजी."

"आता नाही मरायच्या?"

"मानमोडीने नाही मरायच्या."

आत्या बाजूला झाली. शाळेच्या भिंतीला टेकून ती खाली बसली आणि रडायला लागली. आई गेली तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. रांगेतल्या बायका वळून बघत होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी नव्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. मी दोन्ही कोंबड्या एका काखेत धरल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसले. तिने माझा हात धरला. घरी जायला आम्हाला खूप उशीर झाला.